होडीला दार

लढाई पेटली तसं मटण शिपायांच्या ताटात गेलं आणि बाकीच्यांनी मासे खावेत असं सरकारने ठरवलं. ठरवायला सरकारचं काय जातं? लगेच मत्स्यवृद्धी खातं निघालं, भिंतीभिंतींवर चित्रं लागली : गुबगुबीत आई, गुबगुबीत पोर, ताटात अख्खा मासा. त्याच सुमारास नौदलाने किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या गस्तीसाठी म्हणून ओढून नेल्या आणि गोदीच्या कुंपणाआड बांधून ठेवल्या. गस्त घालताना मात्र एकही कुणाच्या दृष्टीस पडली नाही. जेवायला बोलवायचं आणि चुलीत पाणी ओतायचं, असा सगळा कारभार.

त्या होड्यांत जाळीवालीचीही होडी होती. जाळी विणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून गल्ली तिला जाळीवालीच म्हणायची. होडी सासऱ्याने स्वतः बांधलेली, चालवायचा नवरा. आता तो ओट्यावर बसून सुतळीला गाठी मारायचा आणि सोडवायचा. तेही तिने सोसलं असतं, पण नवा हुकूम निघाला. ज्याची होडी पाण्यावर चालते तो मच्छीमार, त्याने घरी राहावं. बाकीच्यांनी आघाडीवर ओझी वाहायला जावं. होडी नेली कुणी, याबद्दल हुकमात चकार शब्द नव्हता. ओझी वाहायला गेलेला शेजारणीचा दीर परत आला नव्हता, त्याची चप्पल तेवढी आली होती.

म्हणून ती खात्याच्या कचेरीत गेली. ओस पडलेल्या मासळीबाजाराच्या माडीवर ही कचेरी. अख्ख्या खात्यात मासा एकच, साहेबांच्या टेबलावर काचेच्या बरणीत, केशरी रंगाचा. साहेब बोलताना सारखे खाकरायचे, घशात काटा अडकल्यासारखे, म्हणून लोकांनी त्यांचं काटेसाहेब करून टाकलं होतं. होड्या नौदलाच्या, आमच्याकडे फक्त मासे, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाले, चौकात प्रदर्शन भरतंय, मंत्री येणार आहेत. शोभेला एक होडी हवी. जी निवडू ती त्याच संध्याकाळी मालकाला परत.

दारात आणखी चार होडीवाले उभे होते. जाळीवालीने त्यांना तोंड उघडू दिलं नाही. आमचीच घ्या, रेखीव आहे, फोटोत उठून दिसेल, असं म्हणत तिने साहेबांना पुरतं घोळात घेतलं आणि आपल्याच होडीची निवड पदरात पाडून घेतली.

नवरा खूश होईल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "सरकारने मागितलं तर द्यावं. आपण होऊन पुढे करू नये."

"तुम्हाला घरी ठेवायलाच चाललंय ना हे सगळं?" ती फणकारली आणि त्याला वाढायचंही विसरली.

प्रदर्शनाच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. होडीला निळा रंग दिला होता, आत प्लास्टरचे मासे रचले होते, आणि रंगाऱ्याने त्यांना पापण्याही काढल्या होत्या. लांबून पाहून तिचा ऊर भरून आला. मग ती वळसा घालून पलीकडे गेली.

पलीकडे होडीला दार होतं. मंत्र्यांचे गुडघे दुखतात, शिडी चढताना बरं दिसत नाही, म्हणून सुतारांनी काठापासून पार तळापर्यंत होडी कापली होती, आतल्या फासळ्यांसकट, आणि पितळी कडीचं दार बसवलं होतं. वाकवलेलं तसलं लाकूड आता गावात मिळणार नव्हतं. सगळं दारूगोळ्याच्या खोक्यांना गेलं होतं. मंत्री त्या दारातून रुबाबात आत शिरले आणि समुद्र हे आपलं कोठार आहे यावर बराच वेळ बोलले. जाळीवालीला रडू आलं नाही. संताप आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

काटेसाहेबांनी तिला पुढे ढकललं, होडीमालकीण म्हणून दोन शब्द बोला म्हणाले.

"दार झकास बसलंय साहेब," ती म्हणाली. "आता जाळं कशाला टाकायचं? मासे आपल्या पायांनी आत येतील."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मंत्री मात्र पोट धरून हसले, आणि मंत्री हसले म्हणून काटेसाहेबही हसले, खाकरले, आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

शब्दाला साहेब जागले. होडी त्याच संध्याकाळी गाड्यावर घालून दारात आली. नवऱ्याने फळ्या ठोकून, डांबर ओतून पाहिलं. होडी चालते का ते पाहायला आलेल्या तपासनीसासमोर ती पाण्यात लोटली, तेव्हा सगळ्यांच्या देखत ती भरली आणि कलंडली. तपासनीस भला माणूस होता, त्याला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याने होडी तरंगत नाही.

नवरा निघाला त्या सकाळी ती बसथांब्यावर बोचकं घेऊन उभी होती. समोरच्या भिंतीवर खात्याचं नवं कोरं चित्र होतं : निळी होडी, उघडं दार, आणि पापण्यावाले मासे रांगेने आत चाललेले. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "मासे आपल्या पायांनी येतील."

नवऱ्याने ते सावकाश वाचलं. त्या दिवशी तो चौकात नव्हता. "कुठल्या मूर्खाच्या डोक्यातून निघालं हे?" त्याने विचारलं.

"असेल कुणी कचेरीतला," ती म्हणाली, आणि बोचक्याची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधत राहिली.