सोमवार-गुरुवारची बस

मी एक जुनी बस आहे. बस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लांबलचक, खच्चून भरलेलं वाहन येईल. मी तशी नाही. माझ्यात जेमतेम चौदा जागा. सध्या मी पालिकेच्या वाहनांच्या आवारात कुंपणाशी उभी आहे. पुढची दोन्ही चाकं काढून नेल्यामुळे मी नाकावर वाकले आहे.

मित्रांनो, मला मुद्दाम बनवून घेतलं होतं. शहरात म्हातारी माणसं वाढत चालली होती. त्यांनी घरात कोंडून राहू नये, असं सरकारने ठरवलं. त्यांच्यासाठी एक दिवसाचं केंद्र उघडलं आणि तिथे ने-आण करायला मला आणलं. माझी पायरी इतर बसपेक्षा वीतभर खाली होती. काठ्या अडकवायला दाराशी नळीचे तुकडे बसवले होते. पहिल्या दिवशी माझा फोटो वर्तमानपत्रात आला. खाली लिहिलं होतं, 'सरकार ज्येष्ठांच्या दारी'. दारापर्यंत जात होते मी, पण मला कुणी सरकार म्हटलं नाही.

माझे चालक उंच आणि अबोल होते. उशीर करणाऱ्याला ते घड्याळ दाखवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. घड्याळ दाखवत, पण कुणाला टाकून मात्र कधी निघाले नाहीत. दर सोमवारी आणि गुरुवारी आम्ही अकरा थांबे घ्यायचो.

सातव्या थांब्यावर शिंपीणबाई चढायच्या. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद. चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवून त्यांचे गुडघे गेले होते. मास्तर वर जात आणि त्यांना एकेक पायरी उतरवून आणत. मुलगी दुसऱ्या शहरात होती. तिचा रविवारी फोन येई. माझ्या आसनांची कापडं फाटली तेव्हा बाईंनी केंद्रात बसून चौदाच्या चौदा खोळी शिवल्या. केंद्रात गरम जेवण मिळे, परिचारिका रक्तदाब बघे, आणि मग पत्त्यांचा डाव रंगे. बाई पत्त्यांत लबाडी करत. सगळ्यांना ते माहीत होतं, पण कुणी बोलून दाखवत नसे.

अशी नऊ वर्षं गेली. मग नवं धोरण ठरवायची वेळ आली. आमच्या केंद्राचा खरंच उपयोग होतो का, हे बघायला एक तरुण अधिकारीण पंधरा दिवस माझ्यातून फिरली. किती जण चढले, ते ती दर फेरीला लिहून घेई. नेमकी त्याच पंधरवड्यात तापाची साथ आली. चौदा जागांवर कधी पाच जण, कधी चार. एका गुरुवारी तिघंच आले, त्यांत शिंपीणबाई. खोकत खोकत आल्या.

अधिकारीण त्यांच्या शेजारी बसली. औषधं घरपोच मिळाली, डॉक्टर स्क्रीनवर भेटले आणि मदतीला बोलवायचं बटण गळ्यात असलं, तर बसची गरज उरेल का, असं तिने विचारलं.

 बाई म्हणाल्या, "औषध घरी येईल गं. पण मग मी खाली कशाला उतरू, ते सांग."

"उतरावंच लागणार नाही, आजी."

"तेच म्हणतेय मी."

अधिकारिणीचं पेन थांबलं. फॉर्मवर दोनच चौकोन होते, हो आणि नाही. तिने दोन्ही कोरे ठेवले आणि समासात बाईंचं बोलणं लिहून घेतलं.

पुढचं मला मास्तरांकडून कळलं. साथ ओसरल्यावर पुन्हा मोजणी करू, असं तिने आपल्या साहेबांना सुचवलं होतं. साहेब काही वाईट माणूस नव्हते. म्हातारे वाढणार आणि त्यांना धरून नेणारे हात कमी पडणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. पण अहवाल महिनाअखेरीला द्यायचा होता. आकडे संगणकात चढले. समासातल्या ओळी कागदावरच राहिल्या. केंद्र आणि बस बंद करून सगळं घरपोच द्यायचं ठरलं.

शेवटच्या गुरुवारी मास्तरांनी बाईंना वर सोडलं. अधूनमधून येऊन जाईन, असं ते म्हणाले. खाली आल्यावर ते स्टिअरिंग धरून बसले. बराच वेळ त्यांनी मला सुरूच केलं नाही.

नंतर त्यांना याच आवारात पहारेकरी नेमलं. दुपारी माझ्या पायरीवर बसून ते बोलत, म्हणून मला सगळं कळत गेलं. बाईंची औषधं वेळेवर येत होती. स्क्रीनवरचे डॉक्टर विचारत, बाई 'बरी आहे' म्हणत. जिना उतरून किती दिवस झाले, हे कुणी विचारलं नाही. आधी त्या रस्त्यापर्यंत जायच्या, मग दुसऱ्या मजल्यापर्यंत, मग दारापर्यंत.

आठ महिन्यांनी मास्तरांनी त्यांना हात दिला आणि खालपर्यंत जाऊन येऊ म्हणाले. बाईंनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि त्या तिथेच थरथरत उभ्या राहिल्या.

"मास्तर, पाय विसरले," त्या म्हणाल्या.

त्या पावसाळ्यानंतर त्यांना शुश्रूषागृहात हलवलं. तिथे त्या खाटेवरून उठल्या नाहीत. मुलगी येऊन घर रिकामं करून गेली. बाईंच्या सरकारी कागदावर शेवटपर्यंत 'सेवा समाधानकारक' असंच होतं.

मागच्या आठवड्यात ती अधिकारीण आवारात आली. शुश्रूषागृहं भरली आहेत, खाटा उरल्या नाहीत, म्हणून धोरण पुन्हा बदलायचं आहे, असं तिने सांगितलं. ही बस चालू होईल का, असंही विचारलं. आवारातल्या मेकॅनिकने नकारार्थी मान हलवली. माझी चाकं आणि गिअरपेटी कधीच कचऱ्याच्या गाडीला लागली होती. मग तिने शिंपीणबाईंची चौकशी केली. त्या गेल्या, असं मास्तरांनी सांगितलं.

ती माझ्यात चढून बसली. तिने कोरी वही काढली आणि बाकीच्या थांब्यांवर कोण कोण राहतं, ते मास्तरांना विचारलं. मास्तर एकेक सांगत गेले, ती लिहीत गेली. यादी संपल्यावर मास्तरांनी वही मागून घेतली आणि तिच्याच पेनाने, मधल्या काळात गेलेल्या सहा जणांच्या नावांवर काट मारली.

मित्रांनो, नवी बस येईल की नाही, मला ठाऊक नाही. आली तरी ती मी नसेन. पण तुमच्यापैकी कुणी उद्या मोठं होऊन असे फॉर्म घेऊन बसेल. तेव्हा जो आला नाही, त्याला गरज नव्हती, असं लिहू नका. आधी त्याचा जिना चढून या.