पदरची वाक्यं

पहिल्या अंकाचा पडदा पडला आणि सेप्टिमस ट्रेलोअरनं क्लेमंट रजला विंगेतच गाठलं. "पदरची वाक्यं घालतोस? माझ्या कंपनीत? 'महाराज, आपण म्हणालात की फौज नदीपाशी थांबलीय'. हे कुठल्या नाटकात आहे रे?"

"चुकलं, मालक," क्लेमंट म्हणाला.

प्रॉम्प्टरच्या स्टुलावर बसलेल्या विनिफ्रेडला, म्हणजे मालकांच्या बायकोला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. राजा झालेला तिचा नवराच ते वाक्य विसरला होता आणि सेनापती झालेल्या क्लेमंटनं ते त्याच्या वतीनं बोलून टाकलं होतं. बेंडिगोपासून इथं कॅसलमेनपर्यंत सगळी कंपनी हेच करत आली होती. राजा अडला की कुणीतरी "महाराज, आपण म्हणालात" असं म्हणून वेळ मारून न्यायची. इतकं बेमालूम, की अडतो तो आपणच हे त्याच्या गावीही नव्हतं. चाळीस वर्षं ऑस्ट्रेलियाची गावं पालथी घातलेला हा माणूस उलट रोज त्यांनाच झापायचा, आणि ती भली माणसं मुकाट ऐकून घ्यायची.

मालकांची पाठ वळल्यावर क्लेमंट तिच्यापाशी आला. "बाई, सोमवारी मेलबर्नच्या करारावर सह्या. सहा आठवडे, राजा तेच. तिथं निम्मे नट बाहेरचे, ते कशाला सांभाळून घेतील? हसं होईल हो त्यांचं."

"मग तू सांग ना."

"मी सांगितलं तर म्हणतील, भूमिकेवर डोळा आहे."

"आहेच की!"

"आहे," क्लेमंट ओशाळून हसला. "म्हणून तर तोंड उघडत नाही."

शेवटच्या अंकाआधी ती रंगपटात गेली. सेप्टिमस आरशासमोर बसून दाढी चिकटवत होता. गोडीगुलाबीनं सांगायचं तिनं ठरवलं होतं. पण तो म्हणाला, "या कार्ट्यांना शिस्त म्हणून नाही," आणि तिचं डोकं फिरलं.

"त्यांच्यामुळे तुझी अब्रू राहिलीय, सेप!" मग तिनं सगळंच सांगितलं.

त्यानं दाढी दाबून बसवली. "खोटं," म्हणाला. "या अंकात कुणी एक शब्द जास्तीचा बोलायचा नाही, सांग सगळ्यांना. तूही पुस्तक मीट. बघूच."

गमावलेल्या नगराच्या वेशीवर राजाचं मोठं भाषण होतं. पहिल्या दहा ओळी त्यानं अशा म्हटल्या, की विनिफ्रेडला वाटलं, आपण उगाच बोललो. अकराव्या ओळीला तो थांबला.

क्लेमंटचे ओठ हलले, पण हुकूम तो हुकूम. दुपारच्या उन्हानं छपराचे पत्रे तडतडत होते. लोकांना वाटलं, काय हा अभिनय! पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसायला लागली. वाक्य विनिफ्रेडला तोंडपाठ होतं. तिनं ते दाताखाली धरलं आणि तिला स्वतःची चीड आली.

मग सेप्टिमस विंगेकडे वळला. चाळीस वर्षांत त्यानं कधी शब्द मागितला नव्हता. मागणाऱ्याला तो नटसुद्धा म्हणत नसे.

"विनी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पुढं काय गं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. विनिफ्रेड उभी राहिली आणि तिनं खणखणीत आवाजात ओळ दिली. त्यानं ती म्हटली, पुन्हा वळला, तिनं पुढची दिली. असं करत राजा एकदाचा मेला. टाळ्या पडल्या, पण त्यांत कीव होती, आणि ती त्याला कळली.

सोमवारी फळ्यावर त्याच्या अक्षरात मेलबर्नची यादी लागली. राजा: क्लेमंट रज. अगदी खाली, प्रॉम्प्टर: एस. ट्रेलोअर.

"हे काय?" विनिफ्रेडनं विचारलं.

"पुस्तक दे इकडं. त्यात सगळं लिहिलेलं असतं, लक्षात ठेवावं लागत नाही."

तिनं दिलं. "आणि मी काय करू?"

"शेजारी बस," तो म्हणाला. "माझं बोट ओळीवरून घसरलं, तर परत ठेव."