जमादाराच्या गळ्यातले गंडे

नामाजीच्या मेंढरांमागं फिरणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचं नाव होतं जमादार. निजामाच्या राज्यात जमादाराचा धाक मोठा, आणि तरणा असताना हा कुत्राही रात्रभर कळपाभोवती तशीच गस्त घालायचा.

त्या साली बाळापूरच्या शिवारात, एका कास्तकाराच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती, तेव्हा जमादारानं अन्न टाकलं. ताकात कालवलेल्या कण्यांची कुंडी पुढं ठेवली की तो यायचा, वास घ्यायचा, घटकाभर उभा राहायचा आणि मागं सरायचा. नामाजीनं सांगून टाकलं, तळ हलला की कुत्रं इथंच राहील. वाटेत मेलेलं आपल्याला बघवायचं नाही.

त्याची बायको गोजरबाई लोकर घेऊन बसली. तिनं काळ्या लोकरीचा दोरा वळला, खंडोबाचं नाव घेतलं आणि जमादाराच्या गळ्यात बांधला. दर साली कातरणी झाली की ती त्याला असा गंडा बांधायची. जुना मात्र कधी काढायची नाही. गंडा तोडणं म्हणजे देवाचा हात झिडकारणं, असं तिच्या माहेरी मानत.

सून चंद्रभागा घरात नवीच होती. तिला हरेक गोष्टीचं कारण लागायचं. भूक मेली असेल तर हा कुंडीपर्यंत येतो काहून? तिनं त्याचा जबडा उघडून पाहिला. दोन दात पडलेले, बाकी धड होते. मग तिनं कण्यांची कुंडी मोठ्या धोंड्यावर ठेवली. जमादारानं उभ्या उभ्या चाटून साफ केली. तीच कुंडी खाली ठेवली, तर पुन्हा मागं सरला. झोपतानाही तो हनुवटी दगडावर टेकवूनच झोपायचा, हेही तिच्या ध्यानात आलं.

"आत्याबाई, त्याला भूक हाय," ती सासूला म्हणाली. "मान खाली जाऊन न्हाई राहिली."

"म्हातारपण हाय बाई ते. तुझी बी जाणार न्हाई एक दिवस."

पण चंद्रभागेला चैन पडेना. तिनं जमादाराचं डोकं मांडीवर घेतलं आणि गळ्याच्या दाट केसांत बोटं घातली. वरचा नवा दोरा सैल होता. त्याच्या खाली हाताला लागलं ते दोऱ्यासारखं नव्हतंच. घोंगडीच्या काठासारखं टणक कडं होतं, कातडीत रुतलेलं. बोटं ओली झाली. वास घेतला तर घाण वास.

कातर जवळच पडली होती. तिनं ती उचलली नाही. तिनं सासूला बोलावलं, तिचा हात धरला आणि बोटं त्या कड्यावर नेऊन ठेवली.

जन्मभर लोकर हाताळलेली बाई ती. भिजली, घासली की लोकर आटते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. कितीतरी पावसाळे ते गंडे एकमेकांत गुंतून आटत गेले होते. गोजरबाईचा हात बराच वेळ तिथंच राहिला. जमादार कण्हला, पण चावला नाही.

"आण ती कातर," ती शेवटी म्हणाली. "देव काय करायचं ते माझं करील."

कडं तिनंच कापलं, थोडं थोडं करून. आत अळ्या होत्या. मेंढरांच्या जखमेला करतात तसाच सीताफळाचा पाला वाटून दोघींनी त्याचा रस पिळला, अळ्या पडल्यावर वर हळद दाबली. नामाजी लांबून बघत होता. मग त्यानं कास्तकाराला निरोप धाडला, की मेंढरं आणखी काही रोज बसतील.

तळ हलला त्या सकाळी जमादारानं खाली ठेवलेल्या कुंडीत तोंड घातलं आणि ती पुसून काढली. मग कुणी न बोलावता कळपामागं निघाला. पहिल्यासारखा पुढं धावला नाही. लंगड्या कोकरांबरोबर रेंगाळत चालला. नामाजी पुढून ओरडला, "हळू हाका रे, म्हातारं मागं हाय."

चंद्रभागा सगळ्यांच्या शेवटी होती. जमादाराचा मागचा उजवा पाय सकाळी अडखळायचा आणि ऊन चढलं की मोकळा व्हायचा. असं काहून होत असेल, ते बघत ती चालली होती.