कोलती डसेना

खाजकोलतीच्या वेलाला एकदा हात लावून बघा, मग कळेल मी काय म्हणतो ते. पानावर बारीक लव असते, धड दिसतसुद्धा नाही. पण लागली की हाताची आगआग होते, गांधी उठतात आणि माणूस दिवेलागणीपर्यंत बोंबलत बसतो. पिंगळीच्या अलीकडच्या त्या गावात हा वेल बांधाबांधावरच्या कुंपणात चढलेला असायचा. शेळ्यासुद्धा तिथून तोंड फिरवायच्या. आणि काढा मात्र सगळ्या गावाला त्याचाच लागायचा. मुरलेला ताप असो, खोकला असो, बाळंतिणीचं अंग धरलेलं असो, मुंजाजीच्या घरच्या ओट्यावर लोटा घेऊन माणूस हजर.

काढा द्यायचा मान त्या घरातल्या बाईचा. पाला उघड्या हातानं खुडायचा, एवढाच नेम. फडकं गुंडाळलं किंवा विळा लावला, की गुण गेला म्हणून समजा. मुंजाजीची आई चतुराबाई हे काम जन्मभर करत आली. पुढं तिची बोटं वाकडी होऊन सरळ होईनात, तेव्हा तिनं ते सुनेच्या, तानुबाईच्या गळ्यात घातलं. वातानं बोटं धरली, असं सगळे म्हणायचे. तानुबाईही तेच म्हणायची.

सुरुवातीला बिचारी रडत रडत पाला खुडायची. हात असे सुजायचे की भाकर थापता यायची नाही. सासू म्हणायची, "सोस जरा. येलानं तुला वळखलं की न्हाई डसायचा."

आणि काय सांगावं, तसंच झालं. नामांतराच्या दंगलीला सात-आठ वर्षं उलटून गेली असतील. एका आश्विनात तानुबाईच्या ध्यानात आलं, की डाव्या हाताला वेल लागेना. पुढं उजव्यालाही लागेना. मेथी खुडावी तसा ती पाला खुडायला लागली. बायका तोंडात बोटं घालून बघायच्या. तानूला वेल पावला, असा गावभर बोभाटा झाला. गंगाखेडकडची माणसंसुद्धा एसटीनं यायला लागली. बाई हरखून गेली. का हरखू नये? सबंध जिंदगीत तिला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. तव्यानं बोट भाजलेलं दुसऱ्या दिवशी फोड दिसल्यावर कळलं, तेव्हासुद्धा तिला कौतुकच वाटलं. तिची दहा वर्षांची प्रभा शाळेत सांगत फिरायची, "मी मोठी झाल्यावर मला बी येल वळखणार हाय."

मग एक दिवस चट्टेवाला आला. काशीनाथ त्याचं नाव. सरकारी दवाखान्यातून यायचा अन् घरोघर माणसांच्या अंगावरचे चट्टे बघत फिरायचा, म्हणून गावानं हे नाव पाडलेलं. पाणी प्यायला तो ओट्यावर टेकला. तानुबाई पाला निवडत होती. तिनं मूठभर पाला घेतला अन् त्याच्यासमोर तळहातावर चोळून दाखवला. माणूस हसेल, नवल करेल, असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"ताई, जरा डोळे मिटा. मी पेनाचं टोक लावतो, कुठं लागलं ते सांगा."

तिनं डोळे मिटले. वाट बघितली.

"लावा की मग," ती म्हणाली.

"लावून झालं, ताई."

त्यानं आवाज खाली घेऊन सांगितलं, की हा गुण नव्हे, महारोग आहे. परभणीला या, गोळ्यांनी बरा होतो, घाबरू नका. घरातल्या लेकरांनाही बघावं लागेल. आणि मग विचारलं, "घरात आधी कुणाला होता का?"

तानुबाईनं सासूकडं बघितलं. चतुराबाईनं आपली वाकडी बोटं पदराखाली घेतली.

तो गेल्यावर तानुबाई फुटली. "तुमाला ठावं व्हतं, आत्याबाई?"

"आधी मला बी तुज्यासारखंच वाटलं, येल पावला म्हणून. मंग बोटं वाकडी व्हाया लागली तवा कळलं." म्हातारी इकडंतिकडं बघून कुजबुजली. "गप बस. मी जल्मभर गप बसले. समद्या गावानं आपल्या हातचा काढा पिलाय. रगतपिती म्हणून कळलं तर घर पेटवतील. मुंजा तुला येशीच्या भाईर काढंल. अन् पोरीला कोण करंल?"

"मला कामून पाला खुडाया लावला? मला कामून न्हाई सांगितलं?"

म्हातारी चुलीकडं तोंड फिरवून बसली. चुलीवरचा उकळता काढा तिच्या डोक्यावर ओतावा, इतका तानुबाईला संताप आला. पण संतापायला सवड कुणाला? प्रभा रोज तिच्याच दंडावर डोकं ठेवून झोपायची. आजीच्या ताटात जेवायची.

सकाळी ती प्रभाला घेऊन बांधावर गेली.

"डोळे मीट."

"कामून गं?"

"मीट म्हणते ना!"

तिनं पाला ओरबाडला, पोरीचा तळहात धरला आणि रगडला. पोर गप्प. तानुबाईनं आणखी जोर लावला. मग प्रभानं अशी किंकाळी फोडली, की पलीकडच्या शेतातला गडी उठून उभा राहिला. तानुबाईनं दुसराही हात रगडला, मनगटं रगडली, पोटऱ्या रगडल्या. पोर लाथा झाडत होती, ओरडत होती, आणि ही सटवी बांधावर बसून हसत होती. हसताहसता रडत होती.

"लागतंय ना? लय लागतंय ना, माज्या बाई?"

प्रभानं तिच्याकडं असं बघितलं, जसं अंगात आलेल्या बाईकडं बघतात. हिसडा मारून ती घराकडं पळाली.

तानुबाई धापा टाकत मागं आली. ओट्यावर पाच-सहा माणसं लोटे घेऊन बसलेली, आणि त्यांच्यामधून प्रभा थेट आजीच्या मांडीत शिरलेली. चतुराबाई आपल्या वाकड्या बोटांनी तिचे सुजलेले तळहात कुरवाळत होती.

"आत्याबाई, पोरीला सोडा."

"कामून? तू जाळून आणलीस लेकराला, अन् मी सोडू?"

"वैरीण हायेस का काय गं?" लोटेवाल्यांतली एक म्हणाली. प्रभानं आजीला घट्ट मिठी मारली. "तू नगं! मला आजी पायजे!"

तानुबाईनं म्हातारीकडं बघितलं. म्हातारी मान हलवत होती. सांगू नको, सांगू नको.

"माज्या सासूला रगतपिती हाय," तानुबाई मोठ्यानं म्हणाली. "मला बी हाय. पोरीला न्हाई. तिला आमच्यापासून लांब ठिवा."

लोटे तिथंच टाकून माणसं उठली. मुंजाजी दारात आला. त्यानं बायकोकडं बघितलं, आईकडं बघितलं. चतुराबाईनं मांडीवरची पोर हळूच खाली ठेवली. प्रभा रडत बापाकडं धावली, आणि मुंजाजी दोन पावलं मागं सरला.