उजव्या कानातला सिनेमा

मुलीने खुर्ची ओढून बाबांच्या डाव्या हाताला लावली आणि बसली.

"तिकडे नको," बाबा म्हणाले. "उजवीकडे बस. सिनेमा मला उजव्या कानाने बघायची सवय आहे."

ती उठली. खुर्ची दुसऱ्या बाजूला ठेवताना तिचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलं. तिथे तिचा नवरा चहाचा कप धरून उभा होता आणि डोळ्यांनीच विचारत होता, काय ठरलं? तिने खांदे उडवले. काहीच ठरलं नव्हतं.

हे सगळं त्यानेच ओढवून घेतलं होतं. गेल्या रविवारी जेवताना त्याला लहर आली आणि प्रत्येकाने आपला आयुष्यातला सर्वांत आवडता सिनेमा सांगायचा, एकच, असा त्याने फतवा काढला. तो स्वतःच दोन-तीन नावांत अडकून बसला. बायकोने विचार करून सांगते म्हणत वेळ मारून नेली. बाबांनी मात्र तोंडातला घास संपायच्या आत सांगून टाकलं: जहाजावर कामाला गेलेल्या मुलाचा तो जुना सिनेमा. शेवटी दार वाजतं, आई उघडते आणि दारात मुलगा उभा. एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं.

जावयाने बरीच खटपट करून तो सिनेमा मिळवला, आणि नीट चालतोय ना हे बघायला काल एकटाच लावून बसला. तिथे घोटाळा झाला. सिनेमात मुलगा परत येतच नाही. दारात त्याचा मित्र उभा असतो, मुलाची पेटी घेऊन.

मुलीला हे कळलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. ओला टॉवेल हातात तसाच राहिला. हे आईचं काम, हे तिला कुणी सांगायला नको होतं. बाबांची नजर ऐन उमेदीत काचबिंदूने गेली आणि तेव्हापासून थिएटरात आई त्यांच्या कानाशी लागून सिनेमा सांगायची. पुढचे लोक वळून वळून बघायचे, गप्प बसा म्हणायचे. आई कुणाला भीक घालायची नाही. दोघं हा सिनेमा बघायला गेले त्याच्या आदल्या वर्षी दादा गेला होता, मुलीचा थोरला भाऊ. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला, तो घरी आला नाही. आता आईही नव्हती. बाबांना सिनेमा सांगायला मुलगीच उरली होती.

"खोटं सांगायचं जिवावर येतंय," ती काल नवऱ्याला म्हणाली होती. "आणि खरं सांगितलं तर त्यांचा एवढा एक सिनेमा मीच मोडला असं होईल."

पडदे ओढून घेतले. सिनेमा सुरू झाला.

"बंदर आहे," ती म्हणाली. "खूप गर्दी. भोंगा वाजतोय."

"भोंगा मला ऐकू येतो. ऐकू येतं ते सांगायचं नाही, हा तुझ्या आईचा पहिला नियम. मुलाने घातलंय काय?"

"निळसर शर्ट. बाह्या जरा लांब आहेत. वडिलांचाच घातलाय बहुतेक."

"हां. आता कसं."

हळूहळू तिला लय सापडली. कोण दारामागून बघतंय, कोण ताट सरकवून उठलं, एवढंच ती सांगू लागली. मुलाचा काका पडद्यावर आला तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "हा माणूस मला आवडलेला नाही."

बाबा खुदकन हसले. "तिलाही नव्हता आवडला. आला रे आला की शिव्या द्यायची."

मग शेवट आला. दारावर थाप पडली. कडी निघाल्याचा आवाज झाला आणि त्यापुढे पडद्यावर कुणी बोलेना. नुसतं व्हायोलिन वाजत राहिलं. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तिथे काहीच नव्हतं.

"मुलगा आलाय," ती म्हणाली. "दारात उभा आहे. हसतोय."

बाबांनी हात वर केला.

"थांबव जरा."

तिने सिनेमा थांबवला.

"तुझ्या आईला हे तुझ्यापेक्षा बरं जमलं होतं," ते म्हणाले. "पण तेव्हा अख्खं थिएटर रडत होतं. मुलगा घरी आला म्हणून माणसं अशी रडत नाहीत गं."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"मी आंधळा आहे, बहिरा नाही."

"मग आईला कधी बोलला नाहीत?"

"दादा गेल्यावर वर्षभर या घरात तिचा आवाज नव्हता. चहा ठेवलाय, आंघोळीला पाणी काढलंय, एवढंच. बाहेर पडेल म्हणून मीच हट्टाने सिनेमाला नेलं तिला. तर अख्खा सिनेमा बोलली. वर दारात पोरगा आणून उभा केला. तिला मी खोटं पाडणार होतो? तोच माझा आवडता सिनेमा."

स्वयंपाकघराच्या दारात जावयाने हातातला कप आवाज न करता खाली ठेवला.

"मग आज हे बघायला कशाला बसलात, बाबा?"

बाबांनी चाचपत तिचा हात शोधला.

"मला तिने चांगलं तेवढं दाखवलं. दारात जे होतं ते ती एकटीच बघून आली, आणि जन्मभर तिने मला त्याचा पत्ता लागू दिला नाही. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. आता मलाही बघू दे."

तिने सिनेमा थोडा मागे नेला. थाप पडली, कडी निघाली, व्हायोलिन सुरू झालं.

"दारात त्याचा मित्र आहे," ती म्हणाली. "हातात पेटी आहे. दोरीने बांधलेली."

"आणि त्याची आई?"

"पेटीकडे बघत नाहीये. मित्राच्या मागे, रस्त्याकडे बघतेय."

बाबांनी मान हलवली. व्हायोलिन वाजतच होतं.

"अजून बघतेय?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."