येऊरच्या डोंगरावरचा पोचा

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. नुसता तांब्या नव्हे, फिरकीचा तांब्या. लोक एकमेकांची फिरकी घेतात. माझ्या झाकणाची फिरकी एकदा घट्ट बसली, की मला कितीही उलटेपालटे करा, थेंब बाहेर येणार नाही. याला गर्व म्हणायचे तर म्हणा. चिंच लावून चकाकवणारे हात आयुष्यभर लाभल्यावर थोडा गर्व अंगी येणारच.

नाशिकच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि गळ्याशी अक्षरे कोरली, 'चि. सुहासिनीस, मामाकडून'. सुहासिनीबाई लग्न होऊन ठाण्याला आल्या, त्यांच्या पाठोपाठ मीही आलो. कोणी गावाला निघाले, की पाणी माझ्यातच भरले जाई. पुढे त्यांची मुलगी वासंती मुलींच्या शाळेत शिकवू लागली आणि मी तिच्या वाट्याला आलो.

१९५३ सालच्या डिसेंबरात वासंतीबाईंच्या मनाने घेतले, की आपल्या मुलींना येऊरच्या डोंगरावर न्यायचे. ते रान सरकारने राखीव केले होते आणि शिकारीला बंदी आली होती. मुलगे खुशाल तिथे भटकून येत. मुली मात्र टेंभी नाक्यावरून डोंगराकडे नुसत्या बघत. मुख्याध्यापक हरिहरपंत माणूस वाईट नव्हते, पण ताकही फुंकून पिणारे. पंधरा दिवस विचार करून त्यांनी परवानगी दिली, तीही अट घालून.

"बाई, एक जरी पोर रडत परतली, तर ही सहल पहिली आणि शेवटची."

बावीस मुली निघाल्या. बाईंनी मला नंदाच्या हाती दिले. नंदा कळव्याच्या कोळीवाड्यातली. तिची आई चंद्रभागा मासळी विकायची, आणि वडिलांबरोबर जाळी ओढून नंदाच्या हातांना पक्की पकड आली होती. म्हणून तर बाईंनी तिला निवडले होते.

वारल्यांच्या पाड्यावरचा नाथा वाट दाखवायला पुढे होता. त्याने मातीतले भेकराचे खूर दाखवले, झाडावरची वानरे दाखवली, मोराचे पीस उचलून सर्वांत धाकट्या मुलीच्या वेणीत खोवले. चढ छातीवर येऊ लागला तशा गप्पा थांबल्या, पण मागे कोणी राहिले नाही. माथ्यावर पोचल्यावर खाली अख्खी खाडी पसरलेली दिसली. नंदा बराच वेळ बोट रोखून आपले घर शोधत राहिली. एवढ्याशा ठिपक्यांत ते कसले सापडते! तरी सापडल्याचे तिने सगळ्यांना सांगितले.

उतरताना ती शेवटी होती. वाळलेल्या गवतावरून तिचा पाय सटकला, ती बसकण मारून वाचली, पण मी सुटलो. खडकांवर आपटत, ठणठण करत, थेट खालच्या वळणापर्यंत गडगडत गेलो. त्या वळणावर, वाटेला लागूनच, कारवीच्या झुडपांत एक बिबळ्या झोपला होता.

माझा आवाज ऐकून तो उठला. माझ्यापासून चार हातांवर वाटेत उभा राहिला आणि त्याने वर पाहिले. बाईंनी हात वर केला. बावीस मुली जागच्या जागी थिजल्या, एकीच्याही तोंडून हूं की चूं नाही. मग तो सावकाश वाट ओलांडून रानात शिरला.

नाथा म्हणाला, तांब्या पडला नसता तर त्याच्या शेपटीवर पाय पडला असता.

नंदाचे लक्ष बिबळ्याकडे नव्हतेच. तिने मला उचलले. माझ्या पोटावर चांगला वाटीएवढा पोचा पडला होता. बाईंच्या आईच्या लग्नातले भांडे! तिचे डोळे भरून आले.

बाई हळूच म्हणाल्या, "नंदा, आत्ता नाही. आत्ता रडलीस तर आपण सगळ्याच हरलो."

तिने डोळे पुसले आणि माझी फिरकी उघडली. पाणी होते तसेच होते, मित्रांनो! सगळ्या माझ्यातले पाणी घोट घोट प्यायल्या.

संध्याकाळी हरिहरपंत टेंभी नाक्यावर उभेच होते. त्यांनी एकेक चेहरा निरखला, शेवटी मला निरखले आणि हे कसे झाले म्हणून विचारले.

नंदा पुढे झाली. "माझ्या हातून पडला, सर. पन रडली नाय कोन."

पंतांनी पोच्यावरून बोट फिरवले. मग बाईंना म्हणाले, "पोचा काढून घ्या. पुढच्या वर्षी लागेल तांब्या."

पुढच्या वर्षी! अट संपली होती. पण पोचा काही बाईंनी काढला नाही. त्यांनी मला बाजारात नेऊन पोच्याशेजारी नाव घालून घेतले, 'नंदा. येऊर, १९५३'. ते पाहिल्यावर मात्र नंदा मनसोक्त रडली. शाळेच्या ओसरीवर रडायला अट नव्हती.

आता मुली कल्याण कॅम्पच्या बाजारातल्या, खाकी पट्ट्याच्या लष्करी पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवून डोंगर चढतात. मी वर्षभर फळीवर असतो, हिरवाही पडतो. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण दर डिसेंबरात बाई मला घासून टेबलावर ठेवतात, आणि नव्या मुली नाव वाचून विचारतात, ही नंदा कोण.

मित्रांनो, तुमच्या घरातले पोचा पडलेले भांडे मोडीत घालण्याआधी, तो पोचा कसा पडला हे घरातल्यांना एकदा विचारा. भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालतात. पाडणारीचे नाव मिरवणारा तांब्या ठाण्यात मी एकटाच आहे.