राखीव दुपार

आमच्या बॅटरीत वीज साठत नाही, दुपार साठते. हे मला ती बसवल्याच्या पहिल्याच संध्याकाळी कळलं.

गच्चीवर पॅनेलं आणि जिन्याखाली बॅटरी. जळगावात उन्हाला तोटा नाही. वेळापत्रक मी स्वतः मोबाईलवर लावलं होतं. सकाळी दहा ते दुपारी चार उन्हावर भरायची, आणि संध्याकाळी सहा ते दहा, दर चढा असतो तेव्हा, घर तिच्यावर चालवायचं. सहा वाजता जिन्याखाली खट् असा आवाज झाला आणि ओट्यावर सकाळचं दहाचं ऊन पडलं. माझी बायको वैजयंता चहा गाळत होती. दुसरी वैजयंता धुण्याची रिकामी बादली घेऊन मागच्या दारातून आत आली, माझ्या खुर्चीतून आरपार गेली आणि मोरीत बादली पालथी घालून पुन्हा बाहेर पडली.

"ही कोण?"

"मीच. दुपारची," वैजयंता म्हणाली. "साखर घालू ना?"

बॅटरी बसवणाऱ्या फेगडेंना मी फोन केला.

"जे भरलं तेच निघणार, भाऊ," ते म्हणाले. "दिवे लागताहेत ना?"

"लागताहेत."

"मग झालं तर."

लांबलचक दुपार चार तासांत उलगडायची, त्यामुळे तिच्यातली माणसं जरा घाईने चालत. मिक्सर लावला की ती दचकल्यासारखी पाच-दहा मिनिटं पुढे उडी मारत. पंखे बंद केले की रेंगाळत. त्यांना आम्ही दिसत नसू. मी मोजणी कार्यालयात नोकरीला. साडेनऊला निघतो, साडेपाचला येतो. एकोणीस वर्षांत माझ्या घराची कामाच्या दिवसाची दुपार मी पाहिली नव्हती. ती रोज सहाला येऊ लागली तेव्हा मला बरं वाटलं.

आई पुढच्या खोलीत खाटेवर असे. दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली, तिच्याबरोबर बोलणंही गेलं. संध्याकाळी त्या खाटेवर दोन आया दिसत, एकीत एक निजलेल्या. कडा मात्र जुळत नसत.

चौथ्या दिवशी मी पोहे खात बसलो होतो. दुपारची वैजयंता मऊ खिचडीची वाटी घेऊन खाटेशी बसली.

"आ करा, आई."

आईने तोंड उघडलं नाही. वैजयंता थोडा वेळ थांबली, मग चमचा स्वतःच्या तोंडात घातला. असे चौदा चमचे तिने खाल्ले. वाटी बोटाने पुसून घेतली आणि आईचं कोरडं तोंड पदराने टिपलं, दोन्ही कोपरे, नीट.

मी ओट्याकडे बघितलं. संध्याकाळची वैजयंता कणीक मळत तेच पाहत होती.

"तू आईला जेवायला घालत नाहीस," मी म्हणालो.

"बघितलंत ना. तोंड उघडत नाहीत."

"चमचाभर तरी."

"मग तुम्ही थांबा घरी."

रजा शिल्लक होती. पण मोजणीची प्रकरणं तुंबली होती. पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी ते बघितलं. कधी भात असे, कधी दलिया. चमचे मोजायची सवय लागली. सोळाव्या दिवशी मी मोबाईलवर वेळ बदलली आणि बॅटरी दहाऐवजी एकला भरायला लावली. आईचं जेवण साडेबाराचं. एकच्या आधीची दुपार साठेना, त्यामुळे ते दिसायचं बंद झालं.

"आता नाही ना दिसत?" वैजयंताने विचारलं.

"नाही."

"बरं झालं. तुम्हाला जेवण जात नव्हतं."

पण तीन तासांत बॅटरी पुरती भरेना. साडेआठलाच खट् व्हायचं आणि पुढचा दीड तास घर बाहेरच्या विजेवर, तेही चढ्या दरात चालायचं. ते मला बघवेना. आठवड्याभरात मी पुन्हा दहाची वेळ लावली.

त्यानंतरच्या रविवारी मी घरी होतो. आईला आज मीच भरवतो, असं मी सकाळीच जाहीर केलं. वैजयंताने खिचडी केली, वर तुपाची धार धरली आणि वाटी माझ्या हातात देऊन ती कपडे वाळत घालायला गेली. मी आईच्या उशाशी बसलो. तिने तोंड उघडलं. पहिला घास तिने बराच वेळ घोळवला, मग गिळला, मग पुन्हा उघडलं. सगळी वाटी संपली. मी तिचं तोंड पुसलं आणि कपाळावरून हात फिरवला. माझे डोळे भरून आले होते. इतकं सोपं होतं तर वैजयंताला का जमू नये, असं मी तिला ऐकवलंही. ती रिकामी वाटी उचलून मोरीत गेली.

संध्याकाळी सहाला खट् झालं. मी मुद्दाम खुर्ची पुढच्या खोलीत आणली आणि वैजयंतालाही बोलावलं. आठच्या सुमाराला दुपारचा मी वाटी घेऊन आलो.

"आ कर," तो म्हणाला. आईचे ओठ मिटलेलेच होते. तो थांबला. मग त्याने चमचा आपल्या तोंडात घातला. खाताना त्याचा चेहरा प्रेमळ होता. तो मान डोलवत होता, मध्येच आईच्या केसांवरून हात फिरवत होता. सगळी वाटी त्याने खाल्ली, तूप लागलेला अंगठा चोखला आणि आईचं कोरडं तोंड पुसलं. डोळे त्याचेही भरून आले होते.

"बघा," वैजयंता म्हणाली.

"ती जेवली होती. मला आठवतंय."

"मलाही रोज तसंच आठवतं."

तेवढ्यात खाटेवरची संध्याकाळची आई माझ्याकडे वळली. दोन वर्षांनी पहिल्यांदा तिचा आवाज आला, अगदी साधा, चौकशीचा.

"जेवलास का, दिगू?"

मी खुर्चीतून उठलो. वैजयंता मात्र उठली नाही.

"बोलतात त्या," ती म्हणाली. "पावणेतीननंतर रोज बोलतात. जेवतातही तेव्हाच."

"मग मला कसं दिसलं नाही?"

"तेवढं तुमची बॅटरी बाहेर सोडत नाही."

ते खरं होतं. बॅटरीचा शेवटचा पाचवा भाग कधीच वापरला जात नव्हता. मोबाईलवर तसं लिहिलेलंच होतं: राखीव, वीस टक्के. मी फेगडेंना विचारलं.

"तो भाग राहू द्यावा लागतो, भाऊ. तो काढला तर बॅटरी मरते."

"काढता येतो का पण?"

"येतो. पण कोणी काढत नाही."

सोमवारी ऑफिसातूनच मी राखीव शून्य केलं. घरी आलो तेव्हा वैजयंता दारात उभी होती. तिला कसं कळलं, मला माहीत नाही.

"ते काढू नका," ती म्हणाली. "त्याच्यावर जगताहेत त्या."

"माझी आई आहे. मी बघू नको?"

"तुम्ही बघता म्हणून तर त्या तोंड मिटतात."

"मी त्या वेळी ऑफिसात असतो."

"संध्याकाळी बघता ना. त्यांना ते दुपारीच कळतं."

सहाला दुपार सुरू झाली. मी सगळे पंखे आणि दिवे लावून ठेवले होते, त्यामुळे एरवी दहाला यायची त्या जागी ती आठलाच आली, म्हणजे वैजयंताने पुढचं दार लोटलं, खिडकीचा पडदा ओढला, आणि आजवर इथेच सगळं संपत असे. आज संपलं नाही. आई उठून बसली, दोन्ही हात टेकून. वैजयंता ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आली आणि आईने ताट मांडीवर ओढलं. दात नसलेल्या तोंडाने तिने भाकरी मोडून खाल्ली. "वैजू, मीठ कमी झालंय," असं म्हणून ती हसली. मग तिने वैजयंताला पुढ्यात बसवून घास भरवला. त्या दोघी एका ताटात जेवत होत्या. माझं नाव एकदाही निघालं नाही.

राखीव भागात महिन्याभराच्या दुपारी एकावर एक बसलेल्या होत्या. एक संपली की तिच्याखालची वर येत होती. भरीत, वरणबट्टी, शेवभाजी, आंब्याचा रस. आई खात होती. आणि जसजशी ती एकेक दुपार खाऊन संपवत होती, तसतशी संध्याकाळची आई तिच्या आत बारीक होत होती.

वैजयंता, म्हणजे संध्याकाळची, घरभर धावू लागली. तिने पंखे बंद केले, फ्रिज बंद केला, दिवे घालवले. दुपार सावकाश झाली. आईचा हात ताटापासून तोंडापर्यंत जायला एक मिनिट लागू लागलं. मला तिचे ओठ उघडताना दिसत होते, हळूहळू, कोणाच्या तरी हातातल्या घासासाठी.

मी मोरीत गेलो आणि गीझर लावला. मग इस्त्री. मग पाण्याची मोटर.

पुढच्या खोलीत आईचे जबडे इतक्या वेगाने हलू लागले की नुसती घरघर ऐकू आली. वैजयंताने मला अडवलं नाही. ती खाटेशी जाऊन उभी राहिली. नऊला दहा मिनिटं कमी असताना खट् झालं, आणि घरातले सगळे दिवे बाहेरच्या विजेवर लख्ख लागले. खाटेवर एकच आई होती. वैजयंताने तिला एका हाताने उचललं, सुकलेलं लुगडं दोरीवरून काढावं तसं. तिला खांद्यावर टाकून ती जिना चढून गेली आणि गच्चीचं दार वरून लावून घेतलं.

मी हाका मारल्या. मग सकाळ होऊ दिली. ऊन तर होणारच होतं.

अकरा वाजता ऊन रखरखीत होतं आणि मोबाईलवर शून्यच होतं. मी फेगडेंना बोलावलं. त्यांनी शिडी आणली, मागच्या भिंतीला लावली आणि हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवून ते चढले. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि ते वर डोकावले.

"आहेत का दोघी?" मी खालून विचारलं.

फेगडे पुढे वाकले, त्यांनी तोंड उघडलं, मोठं, लहान मुलासारखं. मग मिटलं. चावू लागले.

"फेगडे, काय आहे वर?"

त्यांनी माझ्याकडे न बघता एक हात मागे केला आणि बोटाने खूण केली की थांबा, तोंडात घास आहे.